शेगडीची जाळी: बिडाची की स्टीलची?

आखाडातलं शेवटचं मटण भाजून झालं की श्रावण लागतो. शेगडी गच्चीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. बाहेर पावसाची झड. गणपती उरकल्यावर ताडपत्री काढावी, तर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी गंजून तांबडी झालेली. जाळी घेताना मी आधी हेच दिवस डोळ्यांसमोर आणतो.

शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळं बीड काय चीज आहे ते कोल्हापूरला सांगायला नको. जड असतं, पण ताव धरून ठेवतं. गार मटण टाकलं तरी सळी थंडावत नाही आणि खरपूस काळे पट्टे उमटतात. बारीक स्टीलच्या सळीवर ते तसे येत नाहीत. मात्र बिडाचा नवा तवा तयार करतात, तशीच ही जाळीही करावी लागते. शेंगतेलाचा पातळ हात फिरवायचा, फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्यायचं आणि धूर थांबेपर्यंत निखाऱ्यावर तापवायचं. तेलाचा कडक काळा थर बसतो, तोच गंज अडवतो. तेल जास्त झालं तर थर चिकट राहतो. दही-लिंबाच्या वाटणानं हा थर झिजतो, म्हणून भाजणं झालं की दर वेळी पुन्हा तेल. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

स्टीलला साबण, पाणी, काथ्या पुरे. त्याला जपायचं ते मिठापासून. खारट मसाला सळीवर तसाच राहिला तर बारीक खड्डे पडतात. लोखंडी तारेच्या घासणीचे कण मागं राहतात आणि तेच गंजतात. घेताना ३०४ स्टील मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते बहुधा ३०४ नव्हे. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त असली तरी शेगडीवर नकोच. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि त्याची वाफ छातीला बाधते.

तारेचा ब्रश दोन्हींवर टाळा. त्याची तुटलेली तार मटणातून घशात गेलेली माणसं दवाखान्यात पोचली आहेत. जाळी गरम असतानाच अर्धा कांदा काट्याला टोचून घासला तर बरीच काजळी निघते.

वर्षात चार-पाच वेळाच शेगडी पेटत असेल तर जाड सळीची ३०४ घ्या. दर रविवारी पेटत असेल आणि तेलाचा हात फिरवायला घरात कुणी असेल, तर बीडच. माझ्याकडं बीड आहे. श्रावणाच्या आदल्या दिवशी तेल लावून, कागदात गुंडाळून ती घरात माळ्यावर जाते. गच्चीत फक्त शेगडी राहते, तीही राख काढून, कारण राख ओल धरते.