भूकंपाची आठवण जपायची तर आधी काय: स्तंभ, जुनं गावठाण की माणसांचं बोलणं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं कोसळली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यांपैकी एखाद्या गावाने आता ही आठवण जपायचं ठरवलं आणि हाताशी वर्गणीची बेताचीच रक्कम असली, तर ती कशावर लावावी?

गावकरी सहसा पहिलं नाव घेतात ते स्मृतिस्तंभाचं. किल्लारीत तो आहे आणि दरवर्षी तिथे आदरांजली वाहिली जाते. स्तंभ एकदा उभा राहिला की सांभाळायला फारसं काही लागत नाही आणि वर्षातून एक दिवस अख्खं गाव तिथे जमतं, हे लहानसहान नाही. पण नुसता ‘भूकंपातील मृतांच्या स्मरणार्थ’ असा मजकूर कोरला तर तो कुठल्याही गावाला चालेल. नावं हवीत. भुजच्या स्मृतिवनात २००१ च्या भूकंपात गेलेल्या १२,९३२ जणांची नावं कोरली आहेत. आपल्याकडे मृतांचा सरकारी आकडाच ७,९२८, तर इतर अंदाजांत तो दहा हजारांच्या घरात सांगतात. म्हणून गावाची यादी गल्लीगल्लीने बसून पक्की करावी लागेल. माहेरी आलेली लेक, पाहुणा आलेला भाचा, सालगडी, बारसंही न झालेलं बाळ, यांतलं कोणी सुटता कामा नये. पैसा दगडाला लागतो, पण खरं काम या यादीचं आहे.

दुसरा पर्याय जुनं गावठाण राखण्याचा. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर आवाजी बेटावर जमीन फाटली तो नोजिमा भ्रंशाचा तुकडा छताखाली जतन केला आहे. तो पाहिला की शब्दांची गरज उरत नाही. आपल्याकडेही पडक्या भिंती अशाच बोलतात, पण पावसाळ्यागणिक त्या ढासळतात, झाडोरा माजतो, दगड दुसऱ्या बांधकामाला जातात. शिवाय जागा कोणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे पाहिल्याशिवाय एक रुपयाही घालू नये. अख्खं गावठाण राखणं ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं आहे. एक वाडा, वेस किंवा बारव निवडून तेवढंच राखलं तर जमेल.

तिसरा पर्याय माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करण्याचा. माझा कौल याच्या बाजूने आहे, आणि तोही आधी. तेव्हा पस्तिशीत असलेला माणूस आज सत्तरीकडे झुकला आहे. स्तंभ पुढच्या वर्षी उभारता येईल, त्याचं बोलणं पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

शिवाय दगडात न मावणारं बरंच काही त्याच्यापाशी आहे. ऑक्टोबर १९९२ मध्येच किल्लारी परिसरात धक्के बसले होते. तेव्हा कोण बाहेर झोपलं, कोण किती दिवसांनी घरात परतलं, का परतलं? दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी माळवद आणि गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर, असं ते घर. तो थर किती वाढला होता, हे छतावर चढून माती पसरणाऱ्यालाच ठाऊक. पत्र्याखाली किंवा झोपडीत झोपलेले पुष्कळसे वाचले, वाड्यातले गाडले गेले. हे एका घरमालकाच्या आणि एका मजुराच्या तोंडून शेजारी शेजारी ऐकायला मिळालं, तर पुढच्या पिढीला बांधकामाचा धडा मिळेल. पुनर्वसनाचंही तसंच. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, सरळ रेषेतल्या गल्ल्या आल्या, भावकी विखुरली. बायकांना त्याबद्दल पुरुषांहून वेगळं सांगायचं असतं, म्हणून त्यांचं बोलणं स्वतंत्र बसून घ्यावं.

खर्च कमी आहे. साधा मोबाइल, कॉलरला लावायचा माइक, पंखा बंद. पहिला प्रश्न ‘त्या रात्री काय झालं’ असा विचारू नका. ‘जुन्या घरात शिरलं की डाव्या हाताला काय होतं?’ असं विचारा. कागदावर ओसरी, बळद, न्हाणी काढायला लावा. माणूस त्या घरात पोचला की त्या रात्रीपर्यंत आपणहून येतो, नाही आला तर सोडून द्यावं. रडू आलं की मुद्रण थांबवायचं, आणि कोणाला ऐकवायचं हे त्याच्याच संमतीने ठरवायचं. लिहून काढताना बोली पुस्तकी करू नका.

या पर्यायाची खरी अडचण साठवणीची आहे. एकाच्या मोबाइलमध्ये राहिलेलं मुद्रण मोबाइलबरोबर जातं. दोन हार्ड डिस्क वेगवेगळ्या घरांत, तिसरी प्रत गावाबाहेर एखाद्या महाविद्यालयात, आणि प्रत्येक फाइलच्या नावात व्यक्ती, जुनी गल्ली, तारीख, एवढं तरी पाळावं लागेल. त्यासाठी जबाबदार दोघं-तिघं मिळत नसतील, तर मात्र नावांची यादी आणि स्तंभ हाच तुमच्या गावासाठी बरा मार्ग.

माणसं मिळाली तर पहिली फेरी सर्वांत वयस्करांची करा. दुसरी गावाबाहेर गेलेल्यांची. भारतीय जैन संघटनेने तेव्हा सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती. ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्यापाशी ढिगाऱ्याची आठवण आहे, तशी वसतिगृहातल्या पहिल्या रात्रीचीही. या मुद्रणांत मृतांची नावं आपोआप येत जातील, ती वहीत वेगळी टिपत चला. स्तंभासाठीची यादी त्यातूनच तयार होईल.