मुलं बरोबर असतील तर पोईपेटची ‘थेट बस’ नकोच

थायलंड-कंबोडिया हद्द खुली असते तेव्हा बँकॉकच्या खाओ सान रोडवर, पोईपेट या कंबोडियाच्या हद्दीवरच्या गावातून जाणाऱ्या, कंबोडियातल्या सिएम रीपपर्यंतच्या ‘थेट बस’ची स्वस्त तिकिटं विकतात. मुलंबाळं बरोबर असतील तर ती अजिबात घेऊ नका. तिकिटात विकणाऱ्यांना फारसं सुटत नाही, खरी कमाई पुढे हद्दीजवळ होते. २०२५ च्या जूनमध्ये थायलंड-कंबोडिया तंट्यात ही हद्द पर्यटकांसाठी बंद झाली, आमचा अनुभव त्याआधीचा. पण रस्ता खुला असला की दलालही असतातच.

हद्द अजून पुढे असतानाच, अरण्यप्रथेत या हद्दीजवळच्या थाई गावात, बस एका खानावळीपाशी थांबली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ आला आणि आम्हा मोठ्यांशी एक अक्षर न बोलता त्याने आधी टेबलावरचा पंखा मुलांकडे वळवला. मग दोघांना एकेक लॉलीपॉप. धाकटा माझ्या खांद्यावर घामाने चिंब होऊन पेंगत होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, “पुढे चार तास उन्हात रांग आहे. बिचाऱ्यांचे हाल होतील. व्हिसा इथेच करून देतो.” पासपोर्ट ‘फक्त बघायला’ म्हणून घेतले, बाकीच्यांच्या पासपोर्टांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत टाकले आणि पिशवी दुसऱ्याच माणसाच्या हातात गेली. दर त्यानंतर सांगितला: माणशी १,५०० बाट (थायलंडचं चलन).

पर्यटक व्हिसाची फी ३० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण १,०५० बाट, असं नवऱ्याने सांगितल्यावर उत्तर तयार होतं: तो मोठ्यांचा दर, मुलांना वेगळं परवानगीपत्र लागतं. मग मोठ्यांचेही १,५०० कसे, याला उत्तर नव्हतं. बस थांबणार नाही एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पासपोर्ट त्यांच्याकडे, थोरलीला शू लागलेली, बाहेर ऊन. चौघांचे ६,००० बाट मोजले. लांबच्या प्रवासात हात राखून खर्च करणाऱ्याला वरचे अठराशे म्हणजे साध्या गेस्टहाउसच्या तीन-चार रात्री. ते परवानगीपत्र आम्हाला कधीच दिसलं नाही.

तिथेच दुसरा प्रयोग झाला. ‘सिएम रीपमध्ये एटीएम नाहीत, डॉलर चालत नाहीत, रियाल (कंबोडियाचं चलन) इथेच घ्या.’ दोन्ही धादांत खोटं. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो आणि एटीएममधूनही डॉलर निघतात. डॉलरला चार हजारांच्या आसपास रियाल, म्हणजे बाटाला शंभरच्या वर मिळायला हवेत, हे लोक ऐंशी देत होते. आम्ही बदलले नाहीत, पण बसमधल्या एका जोडप्याने बरेच बदलले.

पुढे हद्दीवर व्हिसाच्या खिडकीवरून चालत गेलो. वर ३० डॉलरची पाटी आणि रांगेत जेमतेम सात-आठ माणसं. चार तास म्हणे!

दलाल ओळखायची खूण सोपी आहे. आधी थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का, मग दोन्ही नाक्यांच्या मध्ये कंबोडियाचा व्हिसा, असा क्रम असतो. शिक्क्याआधीच कोणी व्हिसाचा फॉर्म पुढे केला, तर तो माणूस बहुधा दलालच, मग भिंतीवर झेंडा असो की दारावर ‘कॉन्सुलेट’ लिहिलेलं असो. त्याहून बरं म्हणजे कंबोडिया सरकारच्या संकेतस्थळावरून आधीच ई-व्हिसा काढा. नकली संकेतस्थळंही आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट केएच आहे ना, ते बघून घ्या.

बँकॉकहून अरण्यप्रथेतला पहाटेची तिसऱ्या वर्गाची साधी गाडी असते. वेळ खाते, पण मुलांना डब्यात फिरता येतं आणि तिला खानावळीचा थांबा नाही. स्टेशनबाहेर टुकटुकवाल्याला ‘बॉर्डर’ एवढंच सांगा. मध्येच कुठल्या ऑफिसपाशी थांबला तर मुलांना उतरवू नका, बसूनच राहा. हद्दीवर पासपोर्ट खिडकीतल्या माणसाखेरीज कोणाच्याही हातात देऊ नका आणि डॉलर सुटे, कोरे न्या. कोपरा फाटलेली नोट परत करतात.