जीमॅटचं मोफत स्टार्टर किट: गुण मधलेच असतील तर

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा. एमबीए डॉट कॉम या तिच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडलं की तयारीचं स्टार्टर किट फुकट मिळतं. थोडे सरावाचे प्रश्न आणि दोन पूर्ण लांबीच्या मॉक परीक्षा, एवढाच ऐवज. म्हापशात किंवा मडगावात क्लासची फी भरण्याआधी प्रत्येकाने हे किट वापरावंच. ५५५ ते ६०५ च्या पट्ट्यात अडकलेल्यांना याचा उपयोग सर्वांत जास्त. पुन्हा परीक्षेला बसायचं की आहे तो स्कोअर घेऊन अर्जाला लागायचं, याचं बरंचसं उत्तर या दोन मॉक देतात. मॉकसाठी पाचपैकी साडेचार, प्रश्नसंचासाठी तीन.

जुनी जीमॅट जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आताचे गुण २०५ ते ८०५ च्या मोजपट्टीवर असतात आणि शेवटचा आकडा नेहमी ५. जुन्या ७०० च्या जागी आता साधारण ६४५ धरतात, सगळ्या उमेदवारांची सरासरी ५५५ च्या आसपास आहे. जुन्या पुस्तकांतले आकडे डोक्यात ठेवून ६०५ वाला उगाच खचतो. तो सरासरीच्या बराच वर आहे. किटमधल्या मॉकचं गुणपत्रक नव्याच मोजपट्टीवर येतं, म्हणून तुलना त्याच्याशीच करावी.

परीक्षेचे तीन भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं: क्वांटचे (गणिताचे) २१ प्रश्न, व्हर्बलचे (इंग्रजी वाचन आणि तर्काचे) २३, डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख आणि माहितीवरून निष्कर्ष काढण्याचे) २०. तिन्हींना वजन सारखं. आपल्याकडची बहुतेक मुलं सगळी ताकद क्वांटवर खर्च करतात आणि डेटा इनसाइट्स शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. खरं तर मधल्या गुणांच्या उमेदवाराला वर सरकायला तिथेच जास्त वाव असतो. प्रत्येक विभागाचे गुण वेगळेही मिळतात, आणि या विभागात ८० मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल (म्हणजे किती टक्के उमेदवार त्याच्या मागे आहेत तो आकडा) क्वांटमध्ये ८० मिळवणाऱ्यापेक्षा बराच वरचा असतो. पडद्यावरचा कॅल्क्युलेटरही फक्त इथेच मिळतो. मात्र दोन-तीन भागांच्या प्रश्नात एक भाग चुकला की अख्खा प्रश्न गेला, अर्धे गुण नाहीत. तीन टॅबमध्ये माहिती देणारे प्रश्न वाचण्यातच वेळ खातात. किटचा प्रश्नसंच नेमका इथे तोकडा पडतो.

पहिली मॉक तयारीच्या सुरुवातीला द्यावी, दुसरी खऱ्या परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी. मॉक रीसेट करून पुन्हा देता येते, पण काही प्रश्न तेच येतात आणि गुण फुगतात. त्या फुगलेल्या आकड्यावर विसंबून कॉलेजांची यादी ठरवली की घात होतो. मॉक लॅपटॉपवरच द्यावी, मोबाइल बाजूच्या खोलीत ठेवून, मध्ये एकच दहा मिनिटांची विश्रांती घेऊन.

निकाल आला की एकूण आकड्याआधी प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ पाहा. क्वांटला प्रश्नामागे दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो. सुरुवातीच्या एका अवघड प्रश्नावर पाच मिनिटं घालवली आणि शेवटचे चार कोरे राहिले, असं चित्र फार वेळा दिसतं. कोऱ्या प्रश्नांचा फटका चुकीच्या उत्तरापेक्षा मोठा असतो. अंदाजाने उत्तर देऊन प्रश्नाला खूण करावी. वेळ उरला तर प्रत्येक विभागात तीन उत्तरं बदलता येतात. चुका अशा वेळेमुळे होत असतील तर पुन्हा बसणं फायद्याचं. दोन परीक्षांमध्ये किमान १६ दिवसांचं अंतर लागतं, बारा महिन्यांत पाच प्रयत्न. पण चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील आणि दोन्ही मॉक नि खरी परीक्षा जवळजवळ एकाच आकड्यावर थांबत असतील, तर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापेक्षा तेच महिने अर्जाला द्यावेत. गुण पाहून झाल्यावर ते कोणाला पाठवायचे हे ठरवता येतं आणि पाठवलेलाच प्रयत्न कॉलेजला दिसतो, त्यामुळे एका पडक्या प्रयत्नाची धास्ती नको.

घरून ऑनलाइन परीक्षा देणाऱ्यांनी जून-जुलै टाळलेला बरा. पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस जोडावा आणि मॉकही त्याच व्यवस्थेवर द्यावी.

किटची खरी उणीव म्हणजे अर्जाबद्दल त्यात काहीच नाही, आणि मधल्या गुणांचा उमेदवार तरतो तो अर्जावरच. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात शिफ्ट सांभाळणाऱ्याने ‘उत्पादन पाहतो’ एवढं लिहून थांबू नये. बॅच वाया जाण्याचं प्रमाण कितीवरून कितीवर आणलं, हाताखाली किती माणसं, हे आकड्यांत लिहावं. कळंगुटच्या हॉटेलवाल्याने ऑफ-सीझनमध्ये खोल्या कशा भरल्या ते सांगावं. क्वांट कमी असेल तर पदवीच्या गणिताचे, संख्याशास्त्राचे गुण पुढे आणावेत. घरच्या दुकानात काम करणाऱ्यांनी शिफारसपत्र वडिलांकडून किंवा काकांकडून घेऊ नये, त्याला वजन राहत नाही. सीए, जुना पुरवठादार किंवा मोठा ग्राहक चालतो. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्यावर ज्यांची नोकरी किंवा घरचा ट्रकचा धंदा बंद पडला, त्यांनी ती पोकळी लपवू नये. कोर्टाच्या निकालाने काम थांबलं आणि त्या काळात काय केलं, हे चार ओळींत तारखांसह लिहावं. अर्ज वाचणारा हैदराबादच्या बिझनेस स्कूलचा असो वा परदेशातला, त्याला गोव्यातली खाणबंदी ठाऊक असेलच असं धरून चालू नये.

तिसरी ते सहावी मॉक विकत मिळते. ती पुन्हा बसायचं पक्कं झाल्यावरच घ्यावी.