वीचॅट: सुझोऊत राहून वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, व्हॉट्सॲपला पर्याय म्हणून वीचॅट कसं आहे हे बघायला आला असाल तर फारसं काही हाती लागणार नाही. निरोप पाठवण्यापुरतं ते ठीकठाक ॲप आहे. पण चीनमध्ये राहायचं तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. चाकणच्या एका कंपनीनं मला क्वालिटीच्या कामासाठी सुझोऊच्या प्लांटवर पाठवलंय. चिनी मला येत नाही, सगळा कारभार इंग्रजीवर. त्यामुळे पुढचं सगळं इंग्रजीतून वीचॅट वापरणाऱ्याच्या नजरेनं लिहिलेलं आहे.

खातं उघडण्यापासूनच थोडं डोकं लावावं लागतं. नवीन माणसाची खात्री म्हणून जुन्या वापरकर्त्याला तुमचा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितलं जाऊ शकतं. मला ऑफिसातल्या एचआरच्या मुलीनं मदत केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंबर. चिनी नंबरावर नोंदणी केली की तुमचं खातं ‘वेइशिन’ म्हणून धरलं जातं आणि त्याला चीनचे नियम लागतात. बाहेरच्या नंबरावर केली तर ते ‘वीचॅट’, आणि अटी वेगळ्या. ॲप दिसायला एकच असल्यामुळे हा फरक पटकन लक्षात येत नाही. सिम घेण्याआधीच काय ते ठरवा.

आता पैसे. माझ्या मते इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी टेन्सेंटनं, म्हणजे वीचॅटच्या मालक कंपनीनं, केलेलं खरं काम इथं आहे. २०२३ च्या जुलैपासून परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून दुकानात पैसे देणं बरंच सोपं झालं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळा आकार नाही, त्याच्या वर ३ टक्के. भाजीवाली आजीसुद्धा कोडचा कागद टांगून बसते, त्यामुळे रोजचे व्यवहार या २०० च्या आतच उरकतात. मोठी खरेदी मी दुसऱ्या मार्गानं करतो. मात्र परदेशी कार्डावरून माणसाला थेट पैसे पाठवता येत नाहीत. पाच जण जेवायला गेलात, एकानं बिल भरलं आणि नंतर हिशेब वाटायचा म्हटलं की आपण नोटा काढून उभे! २०१४ च्या चिनी नववर्षापासून इथं ग्रुपवर पैशांची लाल पाकिटं उडवायची पद्धत पडली आहे. आधी टॅप करेल त्याला मिळतं, कुणाला किती ते नशिबावर. नुसत्या परदेशी कार्डवाल्यानं त्यात पाकीट टाकायचं म्हटलं तर जमत नाही. आणखी एक, कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. ते सिम बंद करून येऊ नका. माझं एक कार्ड बँकेनंच अडवलं होतं आणि त्यासाठी पुण्यात फोनाफोनी करावी लागली.

मेन्यू, सेटिंग, बटणं सगळं इंग्रजीत आहे आणि भाषा नीट आहे. अडचण त्याच्या आतल्या मिनी प्रोग्रामची. २०१७ च्या जानेवारीत आलेली ही सोय म्हणजे वीचॅटच्या पोटात चालणारी छोटी छोटी ॲप्स. हॉटेलात टेबलावरचा कोड स्कॅन करायचा, तिथेच मेन्यू उघडतो, तिथेच ऑर्डर, तिथेच पैसे. वेटरशी बोलायची वेळच येत नाही. पण हे प्रोग्राम त्या त्या दुकानाचे, म्हणून बहुतेक ठिकाणी फक्त चिनी. स्क्रीनशॉट काढायचा, स्वतःलाच पाठवायचा, दाबून धरून भाषांतर करायचं, हा माझा रोजचा उद्योग. शाकाहारी मंडळींनी भाषांतरावरही फार विसंबू नये. मापो टोफू हे नाव वाचून टोफू आहे म्हणून खूश व्हाल, पण पारंपरिक कृतीत त्यात खिमा असतो.

चॅटमधलं भाषांतर मात्र फार कामाचं आहे. शिफ्टचा सुपरवायझर चिनीत लिहितो, मी इंग्रजीत, आणि दोघांचं भागतं. त्याला टाइप करायचा कंटाळा, म्हणून तो व्हॉइस मेसेज पाठवतो. एका मेसेजला ६० सेकंदांची मर्यादा, तेव्हा लांबलचक तक्रार असली की ओळीनं चार-पाच येतात. त्याचा मजकूर करून मग भाषांतर. कामाच्या ग्रुपवर सूचना आली की प्रत्येकानं ‘शौदाओ’, म्हणजे ‘मिळालं’, असं लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी नुसता अंगठा दाखवत होतो.

निळ्या टिका नाहीत, ‘लास्ट सीन’ नाही. हे चुकून राहून गेलेलं नाही, मुद्दाम टाळलेलं आहे. गुआंगझोऊत झांग शाओलोंग यांच्या टीमनं २०११ मध्ये हे ॲप आणलं तेव्हापासून वाचल्याची खूण दाखवलेली नाही. रविवारी साहेबाचा मेसेज बघून गप्प बसता येतं, या एका गोष्टीसाठी मी वीचॅटला एक तारा जास्त देईन. ‘मोमेंट्स’वरही, म्हणजे ओळखीच्यांसाठी फोटो-मजकूर टाकायच्या पानावर, तुमच्या पोस्टखालच्या कमेंट ज्याच्या-त्याच्या ओळखीच्यांनाच दिसतात, अनोळखी माणूस भांडायला येत नाही.

उणी बाजू मोठी आहे. चॅट सर्व्हरवर साठवून ठेवले जात नाहीत. जुना फोन हरवला आणि बॅकअप नसला की सगळं गेलं. वेळेत न उघडलेली फाइल कालबाह्य होते, त्यामुळे ड्रॉइंग आलं की लगेच उतरवून घेतो. आणि दोन टोकांमधलंच एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच निरोप वाचता येऊ नये अशी सोय, इथं नाही. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं २०२० मध्ये दाखवलं होतं की चीनबाहेरच्या खात्यांवरच्या फाइल आणि चित्रंही तपासली जातात आणि त्यांचा उपयोग चिनी खात्यांवरची सेन्सॉरशिप पक्की करायला होतो. मी इथं काम, किराणा आणि क्रिकेटचा स्कोअर याच्यापलीकडे काही लिहीत नाही.

२०१३ च्या सुमारास परिणीती चोप्रा आणि वरुण धवन भारतात याची जाहिरात करायचे, जगभरासाठी मेस्सीही होता. तरी ते बाहेर रुजलं नाही, याचं मला आता नवल वाटत नाही. भाजीवाली, टॅक्सी, वीजबिल, दवाखान्याची वेळ हे सगळं काढून घेतलं की मागं उरतं ते आणखी एक चॅट ॲप, आणि ते तोवर सगळ्यांकडे होतंच. आज इंग्रजी वापरणाऱ्याची सोय बघितली जाते ती तो चीनमध्ये आला म्हणून.

घरच्यांसाठी याचा काही उपयोग नाही. २९ जून २०२० ला भारतानं ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात हेही होतं. इकडे व्हॉट्सॲप अडवलेलं, तिकडे वीचॅट. साताऱ्याला आईशी बोलायचं तर रोमिंगवर किंवा व्हीपीएनवर. इथल्या सहकाऱ्यांचे ईमेल मी आतापासूनच लिहून घेतोय. परतायच्या आधी कॉम्प्युटरवर चॅटचा बॅकअपही घ्यायचा आहे, ऑडिटचे सगळे फोटो त्यातच पडलेत.