लंडनमधलं कौन्सिलचं घर सोडताना: नोटीस की सरेंडर?

लंडनमध्ये नवऱ्यासोबत कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) भाड्याच्या घरात राहणारी मैत्रीण विचारत होती: संसार मोडलाय, करार संपवण्याची नोटीस देऊ की घर सरेंडर करू, म्हणजे कौन्सिलच्या संमतीने परत करू? भाडेकरार दोघांच्या नावावर आहे.

वेळ: नोटीस लेखी, किमान 4 आठवड्यांची, तोवर भाडं चालूच. सरेंडर कौन्सिलने स्वीकारलं तर लगेचही होतं.

संमती: खरी मेख इथेच. सरेंडरला दोघांचीही संमती लागते. नोटीस एकाने दिली तरी करार दोघांचाही संपतो. 1991 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हेच ठरवलं. मागे राहणाऱ्यावर हा अन्यायच आहे, असं मला मनापासून वाटतं. मुलं असतील तर जास्तच.

धोका: दोन्हीत सारखा. घर स्वतःहून सोडलं म्हणून कौन्सिल पुढे ‘जाणूनबुजून बेघर’ ठरवू शकते, आणि मग घरासाठी तिची पूर्ण मदत मिळत नाही.

दोघांचं एकमत आणि दुसरं घर हाताशी असेल, तर सरेंडर. जोडीदार अडून बसला असेल, तर नोटीस. पण सहीआधी वकिलाचा सल्ला घेऊनच.