वर्षभराच्या नेटचे पैसे केबलवाल्याच्या हातात देण्याआधी हे वाचा

9,580 रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय. 100 एमबीपीएसचा प्लॅन, महिना 500 प्रमाणे वर्षाचे 6,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080, राउटरचं डिपॉझिट 1,500 आणि इन्स्टॉलेशनचे 1,000. "ताई, वर्षाचं एकदम भरा, दर महिन्याची कटकट नको" म्हणत लोकल ऑपरेटरच्या माणसाने सगळे स्वतःच्या यूपीआयवर घेतले. डोंबिवलीत आमच्याकडे असंच चालतं, नेट मोठ्या कंपनीचं, पण बिल्डिंगपर्यंत वायर ओढणारा आणि पैसे गोळा करणारा हा लोकल माणूस, कंपनी त्याला त्यातला वाटा देते. मग सगळे देतात तसे मीही त्यालाच दिले, यात माझं काय चुकलं?

ती वेळ आठवली की अजून डोकं फिरतं. राउटर भिंतीला लावून झाला, कनेक्शन चालू करायला ओटीपी लागतो, तो माझ्या मोबाईलवर आलाच नाही, त्याच्या मोबाईलवर आला. मी समोर उभी. विचारलंसुद्धा, फॉर्मवर माझा नंबर दिलाय ना? तर म्हणे "ताई, सुरुवातीला सिस्टीममध्ये आमचाच टाकावा लागतो, नंतर बदलून देतो." आणि स्क्रीन स्वतःकडे वळवून टाकला ओटीपी. तिथेच सगळं झालं! रजिस्टर्ड नंबर त्याचा म्हटल्यावर प्लॅनचा मेसेज, बिल, एक्स्पायरी सगळं त्याच्याकडे जाणार, मला कळणार कुठून? ओटीपी तुमच्या फोनवर आला नाही तर माणसाला तिथूनच परत पाठवा.

स्पीड 38 च्या वर जायचा नाही. तो म्हणाला वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर एवढाच मिळतो. आता हे खोटं नाहीये, त्या बँडवर स्पीड पडतोच, शिवाय प्लॅन "अप टू" असतो, लाईन बऱ्याच घरांत वाटलेली असते. खऱ्याच्या आड खोटं लपवलं तर कोण ओळखणार? लॅपटॉपला सरळ लॅन केबल लावून टेस्ट करा, म्हणजे वायफायची सबब उरत नाही.

पाचव्या महिन्यात नेट बंद. कंपनीच्या कॉल सेंटरने सांगितलं, अकाउंटवर 40 एमबीपीएसचा महिन्याचा प्लॅन आहे, 399 अधिक जीएसटी, म्हणजे 471 रुपये, आणि रिचार्ज फक्त चार. म्हणजे 1,884. डिपॉझिटची नोंदच नाही, इन्स्टॉलेशन तर फुकट होतं. 7,696 रुपये सरळ त्याच्या खिशात. जीएसटी म्हणून घेतलेल्या 1,080 ची पावती साध्या पॅडवर, त्यावर जीएसटी नंबर नाही. आपल्याकडचा नंबर 27 ने सुरू होतो, 15 अक्षरांचा असतो, नसेल तर तो टॅक्स नाहीच.

आणि मग सुरू झाली फरफट. ऑपरेटर म्हणतो पोरगा सोडून गेला. कंपनी म्हणते आम्हाला पैसे मिळालेच नाहीत, तक्रार नोंदवली तर न विचारता क्लोज, वर "तुमची समस्या सुटली आहे" असा मेसेज, तोही त्याच्याच नंबरवर! अहो, माणूस तुमचा, राउटर तुमचा, अकाउंट तुमचं, फक्त पैसे तेवढे माझे का? पोलीस चौकीत "हे सिव्हिल मॅटर आहे मॅडम", लेखी घ्यायलाही तयार नाहीत. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, त्याला 39 दिवस. ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच अपील करायचं! सामान्य माणसाने नोकरी सांभाळून हे कधी करायचं?

शेवटी ग्राहक आयोगात, त्यांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवर, केस टाकली. भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, आणि टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच सांगितलंय, तेव्हा कोणी "इथे चालत नाही" म्हटलं तर ऐकू नका.

"सोडून गेलेला" तो माणूस परवा शेजारच्या विंगमध्ये कनेक्शन लावताना दिसला. ज्यांनी घेतलंय त्यांनी आजच कंपनीच्या ॲपमध्ये स्वतःच्या नंबरने लॉगिन होतंय का बघा. होत नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला मेसेज करा, तक्रार एकत्र टाकू.