मँटिस श्रिंपच्या नावाखाली मला असं गंडवलं

खाऱ्या पाण्याचा टँक लावून त्यात मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा दिसणारा, पुढच्या पायांनी शिकार करणारा समुद्री प्राणी) ठेवायचं मनात असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा. मला साधारण अडतीस हजारांचा फटका बसलाय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत लिहितो, कारण ती एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

या दुकानदाराने मला दिलेलं मोजमापाचं एकही साधन खोटं नव्हतं. सगळी गोम तिथेच आहे.

आधी पाणी. वीस-वीस लिटरचे जार आले, 'खोल समुद्रातून बोटीने आणलेलं, गाळून घेतलेलं'. सोबत रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, फुकट. त्याने स्वतः थेंब टाकून दाखवला: 1.025. समुद्राचं असतं तेवढंच. पण रिफ्रॅक्टोमीटरला पाणी किती खारट आहे एवढंच समजतं. त्यात काय विरघळलंय ते समजत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 400 मिलीग्रॅम कॅल्शियम आणि 1300 च्या आसपास मॅग्नेशियम असतं. कात टाकल्यावर या प्राण्यांचं नवं कवच कडक होतं ते कॅल्शियमवर. पुढे एका मित्राने कॅल्शियमचं किट आणलं. नळीत गुलाबी झालेलं पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे लिटरमागे 20 मिलीग्रॅम. खऱ्या समुद्राच्या पाण्याला वीसेक थेंब लागतात. आमचं दुसऱ्याच थेंबाला निळं. नळाचं पाणी आणि पोत्यातलं मीठ, बाकी काही नाही.

मग 'चोवीस तासांत सायकल' करणारी बाटली. सायकल म्हणजे प्राण्यांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं, आणि नव्या टँकमध्ये त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. साहेबांनी दुसऱ्या दिवशी येऊन पाणी तपासायची रंग बदलणारी पट्टी बुडवली: नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. "सर, टँक एकदम रेडी!" पट्टी खरंच बोलत होती. पण तिच्यावर अमोनियाचा चौकोनच नव्हता. आणि नव्या टँकमध्ये दोन्ही शून्य याचा अर्थ सायकल पूर्ण झाली असा नसतो, ती सुरूच झालेली नाही असा असतो.

आता प्राणी. मला हवा होता पिकॉक मँटिस, ओडोन्टोडॅक्टिलस सिलॅरस. हिरवं अंग, लालसर पाय, आणि सेकंदाला वीस मीटरहून जास्त वेगाने बसणारा ठोसा. तो काच फोडतो म्हणून व्हिडिओ दाखवून जाड काचेचे जादा पैसेही लावले. साडेसहा हजारांना जे आलं ते मातकट, करड्या रंगाचं. "पिल्लू आहे, मोठं झालं की रंग भरेल." यातही अर्ध सत्य आहे. पिकॉकच्या पिल्लांचा रंग मोठ्यांसारखा नसतो. पण रंग बदलला तरी हत्यार बदलत नाही. पिकॉकच्या पुढच्या पायाच्या सांध्यावर फुगीर गाठ असते, तोच त्याचा हातोडा. माझ्याकडच्याला विळ्यासारखं वाकडं, काटेरी दात असलेलं पातं होतं. डोळेही गोल नव्हते, मधून दुभागलेले. म्हणजे हा चिखलात बीळ करून राहणारा, ठोसा न मारता भक्ष्य भोसकणारा भालेवाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर ढिगाने येणारा. तो कसली काच फोडतोय!

तो फार जगला नाही. त्याचा फोटो मी ससून डॉकला एका कोळीण मावशींना दाखवला. ओल्या अंगठ्याने त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं, याचे पैसे दिलेत यांनी!"

खरा खेळ मात्र दगडांचा. 'रामेश्वरमचा लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेले, जीव वाढलेले प्रवाळाचे दगड, किलोवर विकलेला, पण बिलावर 'फिश व ॲक्सेसरीज' एवढंच. पैसे परत मागितल्यावर आवाज बदलला. "तक्रार करा की. प्रवाळ तुमच्या घरात आहे, माझ्या नाही." 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आपल्या किनाऱ्यावरून ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. म्हणजे गिऱ्हाईकाच्या गळ्यात हा माल बांधला की त्याचं तोंड आपोआप बंद. माझी झोप उडाली, खोटं कशाला सांगू. शेवटी मित्राने एक दगड हातोडीने फोडला. आत सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. पठ्ठ्याने धमकीसुद्धा नकली मालावर दिली होती!

तेव्हा कोणी 'रामेश्वरमचा' म्हणून दगड दाखवला, तर खरा असो की खोटा, दुकानातून बाहेर पडा. प्राण्याचं शास्त्रीय नाव बिलावर लिहून मागा. नाही म्हणाला तर समजून जा. पाणी घेऊच नका, चांगल्या कंपनीचं सीलबंद सी सॉल्ट आणि आरओचं पाणी घरी मिसळा. अमोनिया आणि कॅल्शियमची थेंबांची किट दुसऱ्या दुकानातून आणा.

फसलाच असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. 'जिवंत मालाला गॅरंटी नाही' ही पाटी तिथे दाखवून तो सुटेल असं मला वाटत नाही, कारण माझं भांडण प्राणी मेल्याचं नाही, भलताच प्राणी विकल्याचं आहे. 'ओरिजिनल पिकॉक, इंडोनेशिया' असं त्याने व्हॉट्सॲपवर स्वतः लिहिलंय. ते चॅट, प्राण्याचे फोटो आणि फुटलेल्या दगडाचा फोटो मी तक्रारीला जोडलेत. नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला होता, दुसरं पिल्लू फ्री देतो म्हणून.